आगळ, मीठ आणि फ्रीझरमधली कोंबडी

मॅरिनेड या शब्दात चक्क समुद्र आहे. लॅटिनमधल्या समुद्राच्या शब्दावरून ‘मरीन’ आला, आणि त्याच घराण्यातला हा मॅरिनेड. आज आपल्याला तो शब्द ऐकला की दही, लिंबू, आलं-लसूण आणि वर थोडा चटकदार लाल रंग आठवतो. पण मुळात तो होता मासे किंवा मांस बुडवून ठेवायचं खारं पाणी. चवीसाठी नव्हे, टिकण्यासाठी. चव नंतर आली.

आता गंमत बघा. मालवण या नावाची एक व्युत्पत्ती सांगतात ती ‘महा-लवण’ अशी. म्हणजे मिठाचं मोठं ठिकाण, मिठागरांचा गाव. दुसरी व्युत्पत्ती ‘माडांचं वन’. माडवाले आणि मीठवाले यांच्यात कोण खरं हे भाषातज्ज्ञांनी ठरवावं, मी आपला आजच्यापुरता मीठवाल्यांच्या बाजूने :) कारण मॅरिनेड आणि मालवण यांच्यात असं समुद्राच्या पाण्याचं नातं जुळत असेल तर ते सोडवत नाही.

विषय निघायचं कारण साधं आहे. आमच्या ऑफिसात सध्या रविवारी आठवड्याचं जेवण ‘सेट’ करून ठेवायची टूम आहे. चिकनचे लांब तुकडे करायचे, फजिताचा मसाला लावायचा, पिशव्यांत भरायचे, पिशव्या फ्रीझरमध्ये. बुधवारी रात्री साडेनऊला घरी पोचल्यावर एक पिशवी तव्यावर रिकामी केली की जेवण तयार. ज्यांचे क्लायंट अमेरिकेत आणि संध्याकाळचे कॉल रात्रीपर्यंत, त्यांच्यासाठी ही कल्पना वाईट नाही. मग कोणीतरी हमखास म्हणतं, “यात नवीन काय, आमची आजी हेच करायची.” हे वाक्य मला जरा खटकतं. आपल्याकडे प्रत्येक गोष्ट आजी आधीच करत असते. माझी आजी मालवण तालुक्यातली, तेव्हा म्हटलं, निदान माझ्यापुरतं तरी हे वाक्य तपासून बघू. मालवणच्या किनाऱ्यावर कोंबडीला मसाला लावून ती ठेवून द्यायची जुनी पद्धत होती का?

थोडक्यात उत्तर असं, की माशाला होती, कोंबडीला नव्हती. आणि यातच सगळी मजा आहे.

आधी मासा. मालवणच्या किनाऱ्यावर गाबीत समाजाची रापण ही जुनी सामुदायिक मासेमारी. जाळं होडीतून समुद्रात अर्धगोल टाकत न्यायचं आणि मग दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं. रापणीचं एक असतं, मिळालं तर उदंड, नाहीतर हात हलवत परत. बांगड्याचा किंवा तारल्याचा थवा सापडला की एका सकाळी इतकी मासळी वाळूवर पडते की अख्ख्या वाडीने दोन दिवस खाल्ली तरी संपत नाही. बर्फ नव्हता तेव्हा त्या मासळीला आयुष्य फार तर सहा-आठ तासांचं, तेही ऊन चढेपर्यंत. म्हणून मग तीन वाटा. काही डोक्यावरच्या टोपलीतून आसपासच्या गावांत लगेच विकायची, फारच झाली तर तारली माडांच्या मुळाशी खत म्हणून घालायची, आणि उरलेली खारवायची. खारवणं म्हणजे पोट साफ करून, चिरून, तीन-चार किलो माशाला साधारण किलोभर मीठ या हिशेबाने थरावर थर रचायचे. मीठ माशातलं पाणी ओढून घेतं, त्या पाण्यात मासा बुडतो, आणि मग एक-दोन दिवसांनी उन्हात. खारा बांगडा, सुकी मोरी, गोलमो हे सगळं पावसाळ्याचं धान्य. पावसात समुद्र बंद, नदीनाले भरलेले, बाजार लांब. तेव्हा निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा आणि पेज यांवर घर चालायचं.

त्या माशातून सुटलेल्या खाऱ्या पाण्यात बुडालेला मासा, हा शब्दशः मॅरिनेड. कुठल्याही फ्रेंच कोशात दाखवावा इतका चोख.

आणि मीठ म्हणजे फुकटचा जिन्नस, असं समुद्राकाठी राहणाऱ्याला वाटेल, पण मीठ या किनाऱ्यावर कायम राजकारणाचा विषय राहिला. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला लिहिलेलं एक पत्र उपलब्ध आहे. विषय काय, तर मीठ. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं, त्यामुळे व्यापारी संगमेश्वराच्या बाजूचं मीठ सोडून तिकडे वळत होते. महाराजांचा हुकूम असा, की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते आपल्या मिठाहून महाग पडेल आणि व्यापारी इकडे येतील. आजच्या अर्थशास्त्राच्या भाषेत संरक्षक आयातशुल्क. तलवारी आणि किल्ले यांच्या गोष्टी आपण खूप वाचतो, पण राज्य चालवणारा माणूस मिठाच्या दराकडे किती बारकाईने बघत होता हे या पत्रात जास्त कळतं, असं माझं मत आहे.

इंग्रजांच्या काळात मिठावर कर बसला आणि तो इतका झाला की मासे खारवायला पुरेसं मीठ घालणं गरीब मच्छीमाराला परवडेना. मीठ कमी पडलं की मासा नीट टिकत नाही, कुजका मासा पोटात जातो. फ्रान्सिस डे हा मत्स्यतज्ज्ञ अधिकारी, त्याने १८७३ मध्ये हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या सागरी मासेमारीवर सरकारला अहवाल दिला, त्या काळात हा प्रश्न चांगलाच चर्चेत होता. पुढे सरकारने मासे खारवण्याचे वेगळे आवार काढले, जिथे बिनकराचं किंवा स्वस्त मीठ मिळे, पण मासा तिथेच आणून, सरकारी नजरेखाली खारवायचा. स्वतःच्या घरासमोर समुद्र आणि मीठ मोजायला शिपाई, अशी अवस्था. १९३० साली दांडीनंतर जे मिठाचे सत्याग्रह देशभर झाले त्यातला एक गाजलेला सत्याग्रह वेंगुर्ला तालुक्यातल्या शिरोड्याला झाला, कारण शिरोड्याला मिठागरं होती. वि. स. खांडेकर त्याच शिरोड्यात १९२० पासून शाळामास्तर होते. मिठावरचा हा कर शेवटी १९४७ मध्ये गेला. म्हणजे पानात वाढलेल्या चिमूटभर मिठामागे शिवकाल ते स्वातंत्र्य अशी पूर्ण रांग उभी आहे. असो, मी मिठात फारच मुरलो.

मिठानंतर आंबट. फजिताला लिंबू लागतं. टेक्सासमध्ये ते हिरवं लाईम. मालवणात आंबटाचा राजा कोकम, आमच्याकडे सरळ ‘सोलां’. एप्रिल-मे मध्ये रतांबे पिकतात. फळ फोडून साल वेगळी करायची, आतल्या गराला मीठ लावून त्याचा रस सुटू द्यायचा, आणि साली त्याच खारट रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवायच्या. पाच-सात दिवस हे चालतं. साली काळ्या-जांभळ्या आणि लवचिक झाल्या की सोलं तयार. आणि तो उरलेला, मीठ घातलेला गडद रस गाळून बाटल्यांत भरला की आगळ. साखर नाही, शिजवणं नाही, काही नाही. मीठ आणि फळाचं आम्ल, या दोघांच्या जोरावर आगळ वर्षभर बाटलीत राहतं.

आता इथे थांबून आगळाच्या बाटलीकडे इंजिनिअरच्या नजरेने बघा. खारं पाणी आहे, आम्ल आहे, टिकतं आहे. म्हणजे बाटलीत भरून ठेवलेलं तयार मॅरिनेडच की! आणि मालवणी घरात ते तसंच वापरतात. बाजारातून मासा आला की धुऊन त्याला मीठ, हळद आणि आगळ लावून बाजूला ठेवायचं, मग मसाला, मग तांदळाचं पीठ किंवा रवा, मग तवा. आजी मासा हातात पडताच पहिलं वाक्य हेच म्हणायची, “मीठ लावून ठेव रे, मगे बाकीचा.” बाकीचा म्हणजे बाकी सगळं जग.

हे कोकम युरोपीयांच्या नजरेतूनही सुटलं नव्हतं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात ‘ब्रिंडोइश’ नावाचं, आतून रक्तासारखं लाल आणि अतिशय आंबट फळ येतं, आणि त्याच्या सालीपासून व्हिनेगर करतात असंही तो नोंदवतो. कोकमाचं एक जुनं शास्त्रीय नाव ब्रिंडोनिया इंडिका, ते यावरूनच. आजचं नाव गार्सिनिया इंडिका. ते मात्र गार्सिया द ओर्तावरून नाही बरं का, लॉरेंट गार्सिन नावाच्या अठराव्या शतकातल्या दुसऱ्याच निसर्ग-अभ्यासकावरून आहे. नावांतला हा सारखेपणा भल्याभल्यांना फसवतो.

तेरेखोलची खाडी ओलांडली की आंबट बदलतं. तिकडे गोव्यात माडाच्या ताडीचं व्हिनेगर. पोर्तुगीज जहाजांवर डुकराचं मांस वाईन आणि लसूण यांत मुरवून पिंपात भरून आणत, समुद्रावरचे महिने काढायला. ‘विन्या द आल्योश’ असं त्याचं नाव, म्हणजे वाईन-लसूण. गोव्यात वाईन कुठली? म्हणून ताडीचं व्हिनेगर आलं, मिरची आली, आणि त्याचं विंदालू झालं. उत्तर हिंदुस्थानी हॉटेलवाल्यांनी त्यात ‘आलू’ ऐकला आणि बटाटे घातले, तो वेगळा विनोद. गोव्याचा रेशाद मसालाही याच जातीचा. लाल मिरच्या, लसूण, मसाले हे सगळं व्हिनेगरमध्ये वाटून बरणीत. महिनोन्महिने टिकतो, हवा तेव्हा काढा आणि बांगड्याच्या पोटात भरा. आपल्या फजिताच्या मसाल्याचा सख्खा शेजारी शोधायचा तर तो हा. आणि बाकी मालवणी स्वयंपाकाने व्हिनेगरला फारसं घरात घेतलं नाही. सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती घरांत ते आहे, पण इतरांचं आंबट म्हणजे सोलं आणि चिंच. हातात आगळ असताना व्हिनेगर कशाला, असा रोकडा विचार असावा.

मिरचीचं मात्र दोन्ही बाजूंनी स्वागत झालं. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यानंतरच्या काही दशकांत अमेरिका खंडातली ही वनस्पती आपल्या किनाऱ्यावर रुजली. तिला नाव द्यायला आपण फार कष्ट घेतले नाहीत, जुन्या तिखटाचं नाव मिरे होतं, त्यावरून मिरची. मालवणीत मिरसांग. आज बेडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर घातलेला मालवणी मसाला मे महिन्यात डंकावर कुटून आणतात आणि हिंगाचे खडे घालून बरण्या भरतात, आणि त्याला ‘पारंपरिक’ म्हणतात. आहेच पारंपरिक. पण या परंपरेच्या मुळाशी मेक्सिकोकडची मिरची आहे. फजिता आणि मालवणी तांबडं यांचं तिखट एकाच आजोळचं. त्यामुळे फजितात मालवणी मसाला घातला म्हणून कोणी ‘फ्यूजन’ वगैरे म्हणायला लागलं तर मला हसू येतं. नातेवाईक आहेत ते, पाचशे वर्षांनी भेटतायत एवढंच.

आता कोंबडी. मीठ झालं, आंबट झालं, तिखट झालं, मग कोंबडीला लावून ठेवायला काय हरकत होती? हरकत काही नव्हती, गरज नव्हती. गावठी कोंबडी परड्यात हिंडत असायची. पाहुणा आला, जावई आला, मुंबईचे चाकरमानी आले, गटारी आली, की सकाळी कापायची आणि दुपारी खायची. टिकवायचा प्रश्नच नाही, कारण कोंबडी जिवंत आहे तोवर स्वतःच स्वतःला टिकवते. फ्रीज नसलेल्या घरात मांस साठवायची ही सगळ्यात सुरक्षित पद्धत. रापणीच्या बांगड्यासारखी शंभर कोंबड्यांची लाट कधी अंगणात येऊन पडत नाही. आणि ती रोजची गोष्टही नव्हती. अंडी देणारी कोंबडी कापणं म्हणजे चालू उत्पन्न कापणं.

शिवाय गावठी कोंबड्याचं मांस चिवट. ते तव्यावर पाच मिनिटांत होणारं नाही. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपात तासभर रटरटत ठेवायचं, मग वडे. मऊ करायचं काम आगीचं आणि वेळेचं होतं, मसाल्यात मुरवण्याचं नव्हतं. म्हणजे “आमची आजी हेच करायची” हे कोंबडीपुरतं चूक. आजीच्या जगात ‘वाट बघणारी कोंबडी’ हा प्रकारच नव्हता.

तो आला तीन गोष्टींनंतर. एक, फ्रीज. गोदरेजने देशात फ्रीज बनवायला सुरुवात केली ती १९५८ मध्ये, आणि कोकणातल्या बहुतेक घरांत तो पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. दोन, ब्रॉयलर. १९७१ साली पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत कोंबडी हा सणाचा पदार्थ न राहता मंगळवार-गुरुवार सोडून कधीही मिळणारा किलोवरचा माल झाला. ब्रॉयलरचं मांस कोवळं, पटकन शिजणारं आणि चवीला अगदीच अबोल. त्याला बाहेरून चव लावावी लागते. आणि तीन, वेळेची टंचाई. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं मला. गावात घरची बाई दिवसभर घरात आणि शेतात असल्यामुळे दुपारचे तीन तास कोंबडीमागे जात, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. नवराबायको दोघंही नोकरी करतात तेव्हा तोच वेळ पहिल्यांदा मोजला जातो. मग तो रविवारकडून उसना घेतला जातो.

तिकडे टेक्सासचीही गोष्ट अशीच तिरकी आहे. फजिता हा शब्द ‘फाहा’ म्हणजे कमरेचा पट्टा यावरून आला. गाईच्या छातीखालच्या पडद्याचा लांब, पट्ट्यासारखा, चिवट तुकडा. सीमेजवळच्या रँचवर मेक्सिकन गुराख्यांना मजुरीचा भाग म्हणून मुंडकं, आतडी, कातडं असं जे मालकाला नको ते मिळायचं, त्यात हा तुकडा. होमेरो रेसिओ नावाच्या टेक्सासच्या अभ्यासकाने १९८० च्या दशकात याचा माग काढला तेव्हा तो १९३० च्या दशकातल्या रँचेसपर्यंत पोचला. चिवट म्हणून लिंबाच्या रसात मुरवायचं, कोळशावर भाजायचं, आडवं बारीक कापायचं. सप्टेंबर १९६९ मध्ये सनी फाल्कन या खाटकाने काईल गावच्या उत्सवात फजिताचा ठेला लावला. १९७३ मध्ये ह्यूस्टनला निन्फा लॉरेन्झो या बाईंनी आपल्या छोट्या हॉटेलात तो विकायला घेतला, आणि १९८२ मध्ये ऑस्टिनच्या एका पंचतारांकित हॉटेलात तो चर्रर्र आवाज करत टेबलावर आला. पुढे त्यात कोंबडी शिरली. पण ‘चिकन फजिता’ म्हणजे शब्दशः ‘कोंबडीचा कमरपट्टा’. काही अर्थ नाही. कोंबडीला तो पट्टाही नाही आणि ती चिवटही नाही.

म्हणजे दोन्हीकडे एकच घडलंय. मालवणात मीठ-आगळ लावायची रीत माशासाठी होती, टेक्सासात लिंबू लावायची रीत चिवट गोमांसासाठी. कोंबडीने दोन्ही रीती वारशात घेतल्या, कारण न विचारता. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी एका सर्व्हरसाठी ओळ लिहिली, तो सर्व्हर भंगारात गेला, ओळ मात्र प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कॉपी होत राहिली. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण प्लॅटफॉर्म बदलला की ती ओळ कधीकधी नडते. आणि फ्रीझर हा बदललेला प्लॅटफॉर्म आहे.

थंडीची कथा आपल्याकडे उशिराच सुरू होते. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यातला बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजाने १८३३ मध्ये कलकत्त्याला पाठवला, आणि लवकरच मुंबईतही तो येऊ लागला. पण तो साहेब आणि शेठ लोकांच्या पेल्यात. आपला घरगुती फ्रीझर वेगळ्या वाटेने आला. क्लॅरेन्स बर्डसाय याने लॅब्राडॉरच्या कडाक्याच्या थंडीत पाहिलं, की तिथल्या लोकांनी पकडलेला मासा क्षणात गोठतो आणि महिन्यांनी वितळवला तरी ताज्यासारखा लागतो. रहस्य वेगात होतं. झटपट गोठलं की बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि मांसाच्या पेशी फाटत नाहीत. १९३० मध्ये त्याचा गोठवलेला माल अमेरिकेत दुकानात आला. आपल्या घरचा फ्रीझर काही इतका वेगवान नाही, म्हणून पिशवी जाड गोळ्यासारखी न ठेवता पातळ, आडवी, वहीसारखी सपाट ठेवायची. जितकी पातळ, तितकी लवकर गोठते. ही एक गोष्ट केली तरी अर्धी लढाई जिंकली.

उणे अठरा अंशांना जंतू वाढत नाहीत. (मरतही नाहीत, झोपतात.) म्हणजे टिकवायचं काम मिठाकडून आणि आंबटाकडून थंडीने काढून घेतलं. पण ते दोघं पिशवीत बसून राहतात आणि हात चालवत राहतात. मांस गोठताना आधी शुद्ध पाण्याचा बर्फ होतो, त्यामुळे न गोठलेल्या उरलेल्या ओलाव्यात मीठ आणि आम्ल दाट होत जातं. लिंबाचा भरपूर रस घातलेलं चिकन पिशवीतून काढलं की वरून पांढुरकं, खडूसारखं आणि आत चोथा, असं होतं ते त्यामुळे. कच्ची पपई, अननस आणि थोड्या प्रमाणात ताजं आलं, यांतली प्रथिनं तोडणारी द्रव्यं गोठून नष्ट होत नाहीत, वितळताना पुन्हा कामाला लागतात. ब्रॉयलरच्या कोवळ्या मांसाचा मग लगदा. मीठसुद्धा बेतानेच, कारण फार मिठाने चरबी फ्रीझरमध्येही हळूहळू खवट होते. पण थोडं मीठ हवंच. मसाला मांसात जेमतेम काही मिलिमीटर शिरतो, आत खोलवर जातं ते मीठ, आणि शिजताना मांसातलं पाणी धरून ठेवतं तेही मीठच. तेव्हा आजीचं पहिलं वाक्य कोंबडीलाही लागू, फक्त कारण वेगळं.

हे सगळं धरून मी जे करतो ते असं. एक किलो बिनहाडाचं चिकन, शक्यतो मांडीचं, बोटभर लांब तुकडे. दोन मोठे चमचे आगळ. त्यात भरपूर मीठ असतंच, म्हणून वरून फक्त एक सपाट छोटा चमचा मीठ, आणि आगळ फार खारट असेल तर तेही अर्धं. चार छोटे चमचे मालवणी मसाला, दहा लसूणपाकळ्या ठेचून, अर्धा चमचा हळद, चमचाभर भाजलेल्या जिऱ्याची पूड (ही मेक्सिकोच्या वाट्याची), तीन मोठे चमचे तेल. आलं नाही, पपई नाही, लिंबू नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटपही नाही, ते रश्श्यासाठी आहे, तव्यावर करपतं. कांदा आणि ढोबळी मिरची पिशवीत घालायची नाही, गोठून वितळली की मरगळते, ती आयत्या वेळी ताजी चिरायची. आगळामुळे चिकन थोडं काळपट-जांभळं दिसतं, घाबरायचं कारण नाही. दोघांच्या एका जेवणाइतकं एका पिशवीत, हवा काढून, सपाट करून, वर तारीख. दोन महिन्यांत संपवा, चव तोवर छान राहते.

वितळवायचं ते आदल्या रात्री खालच्या कप्प्यात. ओट्यावर ठेवून नाही, कारण झोपलेले ते जंतू ओट्यावर आधी जागे होतात. एकदा वितळलेलं कच्चं परत गोठवायचं नाही.

गावाकडे हे कोणाला सांगितलं तर लोक ऐकून घेतात आणि मान हलवतात. त्यांच्याही घरी फ्रीज आहे, पण त्यावर भरवसा ठेवत नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा सिंधुदुर्गात अनेक गावांची वीज कित्येक दिवस गेली होती. आमच्या वाडीत ज्याच्या-त्याच्या फ्रीझरमधलं सगळं तिसऱ्या दिवशी माडाखाली पुरावं लागलं. माळ्यावरचे खारे बांगडे, सोलांची बरणी आणि आगळाच्या बाटल्या यांना मात्र वीज गेल्याचं कळलंही नाही. त्या आठवड्यात वाडी जेवली ती त्यांच्यावर. त्यामुळे तिथे मे महिन्यात अजून मिठाची गोणी येते, आणि ती कोणाला जुनाट वाटत नाही.

राहता राहिला तवा. बिडाचा असेल तर उत्तम, धूर निघेपर्यंत तापवायचा आणि तुकडे थोडे थोडे, दोन-तीन खेपांत टाकायचे. सगळी पिशवी एकदम ओतली तर पाणी सुटतं आणि चिकन भाजण्याऐवजी उकडतं. शेवटच्या खेपेला कांदा आणि ढोबळी मिरची. पिशवीत उरलेला कच्चा मसाला वर ओतायचा नाही, हवाच असेल तर तव्यात चांगला खदखदवून घ्यायचा. लिंबू आता पिळा, पानात. टॉर्टिया आणायला जाऊ नका, घावणं घाला. तांदळाच्या पातळ, जाळीदार घावण्यात हे चिकन जितकं छान गुंडाळलं जातं तितकं दुकानातल्या त्या रबरी पोळीत नाही.